पातळ औषध ओतायचं नसतं, मोजायचं असतं

 

भाताची कापणी आटोपली, झोडणी झाली, आता थंडी सुरू झालीय. पहाटे खाडीकडून गार वारा येतो आणि दिवसभर गोडाऊनच्या रस्त्यावर ट्रकची धूळ उडते. घरोघरी खोकला चालू आहे. फळीवर बघाल तर एक लाल बाटली, एक पिवळी, एक अर्धी उरलेली पांढरी. कुठली कुणाची, कधीची, किती द्यायची, हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असतं. ते माणूस म्हणजे आपण. आणि खरं सांगायचं तर कधीकधी आपल्यालाही ते नक्की आठवत नसतं.

माझं काम औषधाच्या खिडकीमागचं. वर्षानुवर्षं बाटल्या हातात देताना मी एक गोष्ट बघत आले. गोळी दिली तर बाई विचारते, “किती वेळा?” बाटली दिली तर विचारतच नाही. “चमचाभर ना?” म्हणते आणि निघते. म्हणून आज पातळ औषधांवर बोलायचं. ती किती प्रकारची असतात, कुठलं कसं द्यायचं आणि कुठलं मुळीच द्यायचं नाही.

आधी हे बघू, की औषध पातळ का करतात. लहान मुलाला गोळी गिळता येत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या घशात ती अडकते. शिवाय गोळी ही ठरलेल्या मापाची असते, पण सहा किलोच्या बाळाला आणि सोळा किलोच्या मुलाला एकच माप चालत नाही. पातळ औषध वजनाप्रमाणे कमीजास्त करता येतं, हा त्याचा मोठा गुण. पण त्यात एक जोखीमही आहे. गोळीचं माप कारखान्यात ठरतं, पातळ औषधाचं माप आपल्या हातात ठरतं. आपला हात चुकला की औषध चुकलं. म्हणून आजच्या बोलण्यातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: पातळ औषध ओतायचं नसतं, मोजायचं असतं.

चमचा म्हणजे किती?

डॉक्टर “एक चमचा” म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात 5 मिली असतात. आपल्या घरात चहाचा चमचा वेगळा, साखरेच्या डब्यातला वेगळा, पोह्यांचा वेगळा. एकात 3 मिली मावतात, दुसऱ्यात 7. आईने दिलं तर कमी आणि आजीने दिलं तर दुप्पट, असं व्हायला नको.

एक प्रयोग करा. पुढच्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा चमचा आणि औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण घेऊन या. टोपणात 5 मिलीच्या रेघेपर्यंत पाणी घ्या आणि आपापल्या चमच्यात ओता. कुणाचा भरून सांडेल, कुणाचा अर्धाच भरेल. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मला पुन्हा सांगावं लागणार नाही.

मापाचं टोपण असेल तर ते सपाट जागेवर ठेवा, डोळे रेघेच्या समोर आणा आणि मग बघा. वरून बघितलं तर माप चुकतं. त्याहून चांगली म्हणजे सुई नसलेली पिचकारी, सिरिंज. मेडिकलमध्ये ती थोड्या पैशांत मिळते. बाळाला 2 मिली द्यायचं असेल तर टोपणात ते नीट दिसत नाही, सिरिंजमध्ये दिसतं.

सिरप आणि सस्पेन्शन

पहिला प्रकार सिरप. यात औषध साखरेच्या पाकात किंवा तशाच गोड द्रवात पूर्ण विरघळलेलं असतं. बाटली उजेडात धरली तर आरपार दिसतं. पहिला घोट आणि शेवटचा घोट, दोन्हींत औषध सारखंच असतं.

दुसरा प्रकार सस्पेन्शन. यात औषध विरघळत नाही, त्याची बारीक पूड द्रवात तरंगत असते. बाटली गढूळ दिसते, ठेवून दिली की खाली गाळ बसतो. आमटी न ढवळता वाढली तर पहिल्याच्या ताटात नुसतं पाणी आणि शेवटच्याच्या ताटात सगळी डाळ जाते. इथेही तसंच. न हलवता दिलं तर पहिले दोन दिवस मुलाला औषध मिळतच नाही, आणि शेवटच्या दिवशी तळाचं सगळं एकदम पोटात जातं. पित्तावरचं पांढरं पातळ औषध, जंतांचं औषध, तापाची काही औषधं अशीच असतात. बाटलीवर “वापरण्यापूर्वी हलवा” असं लिहिलेलं असतं, बऱ्याचदा इंग्रजीत. वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्या भाऊंना सरळ विचारा, “हलवायचं का?”

कोरड्या पावडरीची बाटली

तिसरा प्रकार ड्राय सिरप. बाटलीत कोरडी पावडर असते आणि पाणी आपण घालायचं असतं. मुलांची बरीच अँटिबायोटिक औषधं अशी मिळतात. कारण पाण्यात मिसळल्यावर ती फार दिवस टिकत नाहीत.

पाणी उकळून पूर्ण गार करा. पावडर आधी बाटलीतच ठोकून सुटी करा. खुणेच्या रेघेच्या थोडं खाली येईल इतकं पाणी घाला, झाकण लावून जोरात हलवा, फेस बसू द्या. मग रेघेपर्यंत पाणी भरा आणि पुन्हा हलवा. फेसासकट मोजलं तर पाणी कमी पडतं आणि औषध कडक होतं. काही खोक्यांत पाण्याची छोटी बाटली दिलेली असते, ती असेल तर तीच वापरा.

एकदा भिजवलेलं औषध बहुतेक वेळा सात दिवसच चालतं. काही औषधं फ्रीजमध्येच ठेवावी लागतात. घरात फ्रीज नसेल किंवा दिवसदिवस वीज जात असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा, लाजू नका. पुष्कळ औषधांची पाण्यात विरघळणारी गोळीही मिळते.

आणि उरलेली बाटली पुढच्या तापाला ठेवू नका. आठ दिवसांनी त्यात औषधाचा जोर राहत नाही, आणि पुढचा ताप त्याच कारणाचा असेल असंही नाही.

थेंब: सर्वात लहान बाटली, सर्वात मोठी चूक

आता चौथा प्रकार, थेंबांचं औषध, म्हणजे ड्रॉप्स. इथे जरा जवळ येऊन ऐका.

पॅरासिटॅमॉल हे तापाचं औषध आपल्याला माहीत आहे. त्याचं सिरप येतं, त्यात 5 मिलीमध्ये साधारण 125 मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे एका मिलीत 25. त्याच औषधाचे बाळासाठी ड्रॉप्स येतात. बाळाने फार पिऊ नये म्हणून त्यात औषध दाट असतं, एका मिलीत 100 मिलिग्रॅम. म्हणजे चौपट.

आता विचार करा. घाईत कुणी ड्रॉप्सची बाटली घेतली आणि सवयीने “एक चमचा” दिला. 5 मिली गुणिले 100, झाले 500 मिलिग्रॅम. ही मोठ्या माणसाची आख्खी गोळी झाली, आणि ती गेली सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात. जास्तीचं पॅरासिटॅमॉल यकृताला इजा करतं, आणि पहिल्या दिवशी बाळ बरं दिसू शकतं. दुखणं आतून वाढत असतं.

मग बरोबर माप किती? एका वेळेला वजनाच्या दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला 100 ते 150, म्हणजे त्या 125 च्या सिरपचं 5 मिली. दोन वेळांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवावं. सिरपमध्येही 250 ची बाटली मिळते, तिला दुप्पट ताकदीची समजा. त्यामुळे मागच्या वेळी जितकं दिलं तितकंच या वेळी असं नाही. बाटली बदलली की माप पुन्हा विचारायचं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध द्यायचंच नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मुलाचं वजन आपल्याला माहीत असायला हवं. अंगणवाडीत वजन होतं ना? तो आकडा पाठ करा. डॉक्टरांना वयाआधी वजन सांगा.

आशाताई देतात ती पातळ औषधं

काही पातळ औषधं सरकारकडून फुकट मिळतात. पण ती फुकट म्हणून घरात तशीच पडून राहतात.

लोहाचं औषध घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली द्यायचं असतं. त्याने शी काळी होते, घाबरू नका. दात काळसर दिसू नयेत म्हणून ते जिभेवर मागच्या बाजूला टाका आणि वर पाणी पाजा. ते चहाबरोबर देऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. आणि ते कुलूपबंद ठेवा. गोड लागतं म्हणून मुलाने बाटलीच तोंडाला लावली तर लोह विषासारखं काम करतं.

अ जीवनसत्त्वाचं पातळ औषध घ्या. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर, 1 मिली. त्यानंतरचे डोस 2 मिलीचे, पाच वर्षं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. एकूण नऊ डोस. हे केंद्रातच मिळतं, आपण फक्त कार्ड घेऊन जायचं आणि डोस चुकू द्यायचा नाही.

आणि तिसरं म्हणजे ओआरएस. माझ्या मते फळीवरचं सर्वात मोलाचं पातळ औषध हेच. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं पाणी पिंपांतून लोकांना पाजायला लावलं. नातेवाइकांच्या हातूनच पाजलं. मरणारांचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते तीनच्या आसपास आलं. जगभर ओआरएस रुजलं त्यात या छावणीचा वाटा मोठा आहे.

पण त्याचंही माप आहे. पूर्ण पुडी, एक लिटर पाणी, चोवीस तास. अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकली तर मीठ जास्त होतं आणि बाळाला त्रास होतो. मोठ्या पातेल्यात टाकली तर पाणचट होतं आणि उपयोग होत नाही. एक लिटरची स्वच्छ बाटली त्यासाठीच वेगळी ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, त्यापेक्षा मोठ्याला 100 ते 200 मिली, घोटघोट पाजा. त्याबरोबर झिंकची गोळी चौदा दिवस द्या, जुलाब थांबले तरीही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. दुकानात खोक्यातलं गोड सरबत मिळतं, ते म्हणजे ओआरएस नव्हे. काही पेयांच्या नावात तो शब्द घालत असत. ऑक्टोबर 2025 मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली.

आसव, अरिष्ट आणि घुटी

आपल्यातल्या कितीतरी जणी अंगावरून जास्त जातं म्हणून अशोकारिष्ट घेतात, बाळंतपणानंतर दशमूलारिष्ट घेतात. आसव आणि अरिष्ट ही औषधं आंबवून करतात. त्यामुळे त्यांत आपोआप थोडा मद्यांश तयार होतो. म्हणून ती जेवणानंतर, तितकंच पाणी मिसळून घेतात, तीही वैद्यांनी सांगितलेल्या मापाने. गरोदरपणात, यकृताचा आजार असेल तर, किंवा झोपेची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि वरच्यावर अंगावरून फार जात असेल, दम लागत असेल, तर बाटलीवर बाटली संपवू नका. आधी रक्त तपासा, हिमोग्लोबिन किती ते बघा आणि रक्तस्राव का होतोय ते शोधा.

बाळाच्या घुटीबद्दल आज्यांना हात जोडून सांगते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. घुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, पाणीही नाही. आणि एक वर्ष होईपर्यंत मध तर अजिबात नाही, त्यातल्या जंतूंमुळे बाळ लुळं पडू शकतं. तसंच नाकात तेल सोडू नका. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनिया होतो.

डोळ्यातलं, कानातलं, अंगाला लावायचं

डोळ्याच्या औषधाचा एकच थेंब पुरतो, कारण डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. खालची पापणी ओढून त्या खोबणीत थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. बाटलीचं टोक डोळ्याला लावू नका. बाटली फोडल्यावर एका महिन्याने टाकून द्या, वरची तारीख पुढची असली तरी. शेजारणीचं उरलेलं औषध डोळ्यात घालू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं, चुकीच्या दुखण्यात ते नजर घालवू शकतं.

कानाचे थेंब तळहातात बाटली धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. कानातून पू येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. कानाचं औषध डोळ्यात कधीच नाही. या दोन बाटल्या एका फळीवर शेजारी ठेवू नका.

खरजेचं औषध, कॅलामाइन, जखमेचं आयोडिन, ही सगळी बाहेरून लावायची. ज्या बाटलीवर “फक्त बाहेरून लावण्यासाठी” लिहिलंय तिला लाल चिंधी बांधा. अंधारात हाताला लागली तरी कळेल.

पाजायचं कसं

मुलाला आडवं करून, नाक दाबून, ओरडत असताना औषध ओतू नका. ते श्वासनळीत जातं. मांडीवर बसवा, डोकं थोडं वर ठेवा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरा आणि थोडंथोडं सोडा. बाळाने गिळलं की पुढचं. भरलेल्या दुधाच्या पेल्यात औषध मिसळू नका, अर्धं दूध उरलं तर किती औषध गेलं ते कळणार नाही. लगेच उलटी झाली तर आपल्या मनाने दुसऱ्यांदा देऊ नका, विचारा. दिल्याची वेळ कॅलेंडरवर लिहा. घरात आई देते, आजी देते, बाबाही देतात. लिहिलेलं असलं की दोनदा जात नाही.

खोकल्याचं औषध आणि दोन मोठे धडे

आता जे सांगणार आहे ते कुणाला घाबरवायला नाही. पण हे प्रत्येक आईला माहीत असायला हवं.

1986 साली मुंबईत, आपल्यापासून फार लांब नाही, जे. जे. रुग्णालयात 14 रोग्यांचे जीव गेले. डोळ्यातला किंवा मेंदूवरचा दाब कमी व्हावा म्हणून त्यांना ग्लिसरीन पाजलं होतं. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन होतं. ते कारखान्यात वापरायचं असतं. दिसायला पाण्यासारखं, चवीला गोड, आणि पोटात गेलं की मूत्रपिंड बंद पाडणारं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई उघड्यावर आणली.

आणि दुसरा धडा अगदी ताजा. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागात, लहान मुलं दगावू लागली. आधी साधा सर्दी-खोकला होता. त्यांना कोल्ड्रिफ नावाचं सिरप दिलं गेलं होतं. मग लघवी बंद झाली. त्यांतल्या कितीतरी मुलांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणलं होतं. वीसहून जास्त लेकरं गेली. तपासणीत त्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. परवानगी असते ती 0.1 टक्क्याची. म्हणजे बाटलीत जवळजवळ अर्धं विषच होतं.

सिरपमध्ये औषध विरघळवायला आणि गोडवा यायला ग्लिसरीनसारखा द्रव लागतो. शुद्ध ग्लिसरीन महाग असतं. कुणी स्वस्त, कारखान्याच्या दर्जाचा माल वापरला आणि तपासला नाही की असं घडतं. अमेरिकेत 1937 साली अशाच एका पातळ औषधाने शंभरावर माणसं मेली आणि तिथला औषधांचा कायदा बदलला. म्हणजे ही गोष्ट जगाला इतक्या वर्षांपासून माहीत आहे. ती तपासायची जबाबदारी कारखान्याची आणि सरकारची. घरी चाखून आईला ती कळणार नाही. तिचा दोष आईवर टाकणं चूक आहे.

पण आपल्या हातात काहीच नाही असंही नाही. खोकल्याचं सिरप आपल्या मुलाला लागतं का, हा प्रश्न आपण विचारू शकतो. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांना साधारणपणे त्यांची गरज नसते. मुलांचा बहुतेक सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. कोमट पाणी, अंगावरचं दूध, नाक चोंदलं तर मेडिकलमध्ये मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि एक वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध. एवढ्यावर पुष्कळ वेळा भागतं.

मात्र श्वास मोजा. बाळ शांत असताना, पोटावर नजर ठेवून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त असतील, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. मग सिरप शोधत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र नाहीतर भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय गाठा, 108 ला फोन करा.

डॉक्टरांनी सिरप लिहून दिलंच, तर परवाना असलेल्या मेडिकलमधून बिल घेऊन घ्या. सुटं, दुसऱ्या बाटलीत ओतलेलं घेऊ नका. बाटली, खोका आणि बिल मूल बरं होईपर्यंत टाकू नका, त्यावर बॅच नंबर असतो. औषध चालू असताना मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, सारखी उलटी होऊ लागली, मूल मलूल पडलं, तर औषध थांबवा आणि बाटली हातात घेऊन रुग्णालयात जा. डॉक्टरांना सांगा, “लघवी झालेली नाही.” या तीन शब्दांनी वेळ वाचतो. औषधाबद्दल तक्रार असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा मोफत नंबर आहे, 1800222365.

आपल्या घरातल्या बाटल्या

आपल्या भागात गोडाऊन फार. तिथून रिकामे कॅन, बाटल्या घरी येतात, चांगल्या घट्ट झाकणाच्या असतात म्हणून आपण त्या वापरतो. ज्या कॅनमध्ये रसायन होतं त्यात पाणी, तेल, ताक काहीच भरू नका. धुऊनही नाही. आणि उलटही करू नका. फिनेल, ॲसिड, रॉकेल, थिनर हे कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. मूल तहानलं की ते बाटलीचा आकार बघतं, आत काय ते बघत नाही. चुकून कुणी रॉकेल किंवा ॲसिड प्यायलं तर उलटी करायला लावू नका, वर येताना ते पुन्हा जाळतं आणि फुप्फुसात शिरतं. बाटली बरोबर घ्या आणि निघा.

चूक शिकलेल्या माणसांच्या हातूनही होते. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या मोहिमेत 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं उपचारांनी बचावली. कारण इतकंच, की बाटली हातात घेतली आणि वाचली नाही. तेव्हा आपण घरी, रात्री दोन वाजता, दिवा न लावता बाटली उचलतो तेव्हा काय होऊ शकतं ते बघा. दिवा लावा. वाचा. मग ओता.

पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात फळी तापते. औषध खिडकीत, चुलीजवळ, टीव्हीवर ठेवू नका. सर्वात थंड, अंधाऱ्या, मुलांच्या हाताला न लागणाऱ्या जागी ठेवा. रंग बदललेलं, वास आलेलं, हलवूनही गुठळ्या न मोडणारं औषध टाकून द्या.

आणि एक शेवटचं पातळ औषध, सलाईन. “अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा,” असं आपणच डॉक्टरांना म्हणतो. सलाईन म्हणजे मुख्यतः मीठ आणि पाणी, किंवा साखर आणि पाणी. ज्याला तोंडाने पिता येतंय त्याला शिरेतून देण्याची बहुतेक वेळा गरज नसते. त्या पैशांत घरात आठवडाभर अंडी आणि डाळ येतील.

मैत्रिणींनो, आता एक काम देते. उद्या सकाळी घरातल्या सगळ्या बाटल्या खाली उतरवा. प्रत्येकीला चार प्रश्न विचारा. तू कुणाची? तुझी तारीख संपली का? तुला हलवायचं का? तुझं माप किती? ज्या बाटलीला चारही उत्तरं नाहीत ती घरात ठेवायची नाही. नाव आणि फोडल्याची तारीख कागदावर लिहून चिकटवा. जिला लिहिता येत नाही तिने शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्या. पोरीही शिकतील.

आणि येत्या बैठकीत चमच्याचा प्रयोग नक्की करा. कुणाचा चमचा किती मिलीचा निघाला ते वहीत लिहा आणि आशाताईंना दाखवा.

सगळ्यांनी काळजी घ्या. नमस्कार.